बारावा पत्ता

आमच्या घरी बाबांच्या निरोप समारंभाचा एक फोटो आहे. पहिल्या रांगेत मधोमध बाबा, गळ्यात झेंडूचा हार, मांडीवर शाल आणि नारळ. त्यांच्या डावीकडे साहेब बसलेत. उजवीकडची खुर्ची रिकामी आहे. मागे सात-आठ जण दाटीवाटीने उभे आहेत, पण त्यातला एकही त्या खुर्चीवर बसला नाही, कारण बाबांनी बसू दिलं नाही. "येते तो," असं म्हणत त्यांनी फोटोग्राफरला वीस मिनिटं ताटकळत ठेवलं होतं. तो काही आला नाही.

तो म्हणजे आमचे काका. नात्यानं कोणी नव्हेत. बाबा आणि ते भंडाऱ्याकडचे, शेजारशेजारच्या गावचे. दोघं एकाच पॅसेंजरनं दुर्गला उतरले, एकाच खोलीत राहून एकाच स्टोव्हवर भात करपवला आणि एकाच महिन्यात भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये लागले. काका कोक ओव्हनला गेले, बाबा टाइम ऑफिसात. म्हणजे काकांनी भट्टीपाशी घाम गाळायचा आणि ते किती वाजता आले, किती वाजता गेले, हे बाबांनी रजिस्टरात लिहायचं. बाबांना माणसांची तोंडं आठवत नसत, पण टोकन नंबर आणि क्वार्टरचा पत्ता ते झोपेतून उठवलं तरी सांगत.

भांडण झालं ते चार मिनिटांवरून. वर्षभरात एकही गैरहजेरी नाही आणि एकही लेट नाही, अशा माणसाला काकांच्या खात्यात स्टेजवर बोलावून भिंतीवरचं घड्याळ देत. काकांना ते घड्याळ हवं होतं. का हवं होतं ते विचारू नका, बाजारात घड्याळं मिळत होतीच. पण त्यांनी त्या वर्षी ताप अंगावर काढला, सख्ख्या मेहुण्याच्या लग्नाला गेले नाहीत, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत त्यांची पाटी कोरी राहिली. त्या आठवड्यात एके सकाळी बाबा डबा घरी विसरले. काका सायकलवरून आमच्या क्वार्टरपुढून चालले होते, आईनं हाक मारली. ते पार कोपऱ्यापर्यंत गेलेले वळून आले, डबा हँडलला अडकवला आणि गेटवर चार मिनिटं उशिरा पोचले. बाबांनी त्यांच्या हातून डबा घेतला आणि रजिस्टरात काकांच्या नंबरापुढे लेट लिहिलं.

"नियम मंजे नियम," बाबा घरी येऊन म्हणाले. "चार मिनिट असो का चाळीस, लेट तो लेट."

"अन् डबा?" आईनं विचारलं.

"डबा अलग गोष्ट आहे."

"खाल्ला ना तुमी?"

"खाल्ला."

"मंग अलग कशी?"

काकांनी त्या दिवसापासून बोलणं सोडलं आणि घड्याळ दुसऱ्या कोणाच्या घरी गेलं. अकरा वर्षं दोघं एकाच गेटनं आत-बाहेर करत राहिले आणि एकमेकांकडे पाहायचं टाळत राहिले. आई आणि काकूंनी मात्र ह्या भांडणात भाग घेतला नाही. दोघी दर मंगळवारी बाजारात भेटत. आमच्या कुरडया तिकडे जात आणि तिकडचं लोणचं इकडे येई, आणि बाबा अकरा वर्षं ते लोणचं "यंदा मस्त जमलं तुले" असं आईला सांगत खात होते. काकूंकडूनच आम्हाला कळलं होतं की त्या दिवसानंतर काकांनी घरात भिंतीवर घड्याळ लावू दिलं नाही. त्यांचं सगळं घर प्लांटच्या भोंग्यावर चालायचं.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सुटलं आणि आम्ही हुडकोच्या वसाहतीत राहायला आलो. नव्वदचं दशक संपत आलं होतं, छत्तीसगड अजून वेगळं झालं नव्हतं, आम्ही मध्य प्रदेशातच होतो. बाबा पहाटे उठायचे, दाढी करायचे, बूट घालायचे आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे. दूधवाला सात मिनिटं उशिरा आला की त्याला तसं सांगायचे. पेपरवाल्याला तर त्यांनी महिनाभराचा हिशेब वाचून दाखवला, कोणत्या तारखेला किती उशीर. पेपरवाला घाबरून पेपर शेजारच्यांकडे टाकू लागला. मला वाटायचं नोकरी गेल्याचं दुःख आहे, सगळ्यांना होतं. आई म्हणायची तसं काही नाही.

"ते फोटोतली खुर्ची त्याईले खाऊन राहिली," ती म्हणायची. "जाऊन दोन शब्द बोलाचे तं अभिमान आडवा येते. असेच बसून राहिले तं माणूस हातचा जाईन."

मी तिचं म्हणणं फारसं मनावर घेतलं नाही, कारण मी स्वतःच्या दुःखात होते. गणितात एम.एस्सी. करून मी दीड वर्ष घरी होते. तीन शाळांत अर्ज केले होते; एकीनं बोलावलं आणि विचारलं, शिवणकाम येतं का. पाहायला आलेल्या दोन मंडळींनीही तेच विचारलं होतं. मला राग यायचा आणि तो काढायला जागा नव्हती, म्हणून मी हुडकोच्या मार्केटमध्ये नव्यानं उघडलेल्या सायबर कॅफेत जाऊन बसायची. प्लायवूडच्या खोक्यात तीन कॉम्प्युटर, फोनची लाइन लागेपर्यंत ती चिरकी घरघर, आणि एक पान उघडेपर्यंत दुकानदार दोन गिऱ्हाइकांच्या झेरॉक्स काढून मोकळा व्हायचा.

तिथे मला एक परदेशी पान सापडलं. दर पंधरा दिवसांनी कोणीतरी घरी बनवलेलं गुप्तलिपीचं कोडं त्यावर टाकायचं. उत्तर ई-मेलनं पाठवायचं, आणि पहिल्या दहा जणांची नावं पानावर झळकायची. मला तिथे माझं नाव पाहायचं होतं. शिवणकाम न विचारता कोणी मला हुशार म्हणावं, एवढीच माझी अपेक्षा होती.

त्या पंधरवड्याचं कोडं म्हणजे नुसते आकडे. तीन-तीनचे गट, मध्ये रेघ. पहिला गट ५-१७-३. दुसरा २-१९-४. तिसरा ७-२९-६. मी प्रिंटआउट काढून घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर पसरून बसले. बेरजा केल्या, गुणाकार केले, कोणता आकडा किती वेळा येतो ते मोजलं. दोन दिवस काही हाती लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी बाबा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले. कागदावरचे आकडे वाचत राहिले. मग म्हणाले, "हे पत्ते कोणाचे लिहून राहिली?"

"पत्ते नाहीत बाबा, कोडं आहे."

"पत्तेच आहेत. सेक्टर पाच, स्ट्रीट सतरा, क्वार्टर तीन." त्यांनी बोट पुढे सरकवलं. "सेक्टर दोन, स्ट्रीट एकोणीस, क्वार्टर चार. पाह्य ना, पयला आकडा कुठंच दहाच्या वर नाही. भिलाईत सेक्टर किती? दहा!"

मी कागद पाहिला. खरंच, पहिला आकडा कुठेच दहाच्या वर नव्हता. पण म्हणून परदेशातल्या माणसानं कोक ओव्हनवाल्यांचे पत्ते कोड्यात का घालावेत, असं मी विचारलं.

"परदेशातला कावून?" बाबा म्हणाले. "आपल्या भिलाईचे किती पोट्टे अमेरिकेत जाऊन बसले, तुले मालूम नाही? त्याईतल्याच एखाद्यानं बनवलं असन. त्याले घर आठवलं, बस."

ह्यावर काय बोलणार? भिलाईच्या कोणत्याही माणसाला हे पटलं असतं. आमच्याकडे माणसाची ओळखच तीन आकड्यांची. पोस्टमनपासून पाहुण्यांपर्यंत सगळे तेच विचारायचे, आणि पहिला आकडा ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावर किती अदब आणायची ते ठरवायचे.

बाबांनी थिअरीही मांडली. प्रत्येक पत्त्यावर जो राहतो त्याच्या आडनावाचं पहिलं अक्षर घ्यायचं, अक्षरं जोडायची, उत्तर तयार. पहिली दोन आडनावं त्यांनी जागच्या जागी सांगितली. तिसऱ्याला अडखळले. "तो बदलून गेला असन. जाऊन पाहा लागन," ते म्हणाले आणि उठून बूट घालायला गेले. बूट तर घातलेलेच होते, म्हणून परत आले.

पण आधी तयारी. तो पुसट प्रिंटआउट त्यांना पसंत पडला नाही. "असल्या कागदावर काम होत नसते," म्हणत त्यांनी एक जुनं कोरं रजिस्टर काढलं, फूटपट्टीनं रकाने आखले: पत्ता, अक्षर, वेळ. दुपारभर बसून सगळे गट त्यांच्या त्या ठळक, एकसारख्या अक्षरात उतरवून काढले. प्रिंटआउट फाइलला लावला आणि फाइल कपाटात ठेवून कुलूप घातलं. मी रजिस्टरावर काम करावं असा हुकूम झाला. रिटायर झाल्यापासूनच्या आठ महिन्यांत त्यांना इतकं उत्साहात मी पाहिलं नव्हतं, म्हणून गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी साडेचारला माझ्या मोपेडवर बाबा मागे, काखेत रजिस्टर, आणि आम्ही निघालो. बाबांचा हुकूम असा की कोणाच्याही दारी बरोबर पाचला पोचायचं, म्हणून मला सेक्टर पाचच्या वाचनालयासमोर सहा मिनिटं मोपेड थांबवून ठेवावी लागली.

पहिल्याच पत्त्यावर घोळ. क्वार्टर तीन म्हणजे तीन ए की तीन बी, हे कोड्यात लिहिलं नव्हतं. बाबा म्हणाले, दोन्ही दारं वाजवू. तीन ए मध्ये एक केरळी नर्सबाई राहत होत्या, त्यांनी नीट आडनाव सांगितलं आणि केळ्याचे वेफर दिले. तीन बी चं दार एका बाईनं फटीएवढं उघडलं, बाबांना पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"वो तो बहुत बीमार हैं, साब," ती म्हणाली. आत काहीतरी धाडकन पडलं, मग पलंग करकरला आणि जोरजोरानं खोकण्याचा आवाज सुरू झाला. तो माणूस मेडिकल लीव्हवर होता, आणि टाइम ऑफिसचे बाबू रजिस्टर घेऊन दारात उभे होते. बाबा रिटायर झालेत हे त्याच्या गावीही नव्हतं.

"आडनाव सांगा फक्त," बाबा हिंदीत म्हणाले. खोकला आणखी वाढला.

बाबांनी रजिस्टरात अक्षर लिहिलं, मनगटावरच्या घड्याळात पाहून वेळ लिहिली, आणि खाली उतरल्यावर मला म्हणाले, "नाटक करून राहिला. खोकला असा नसते."

"तुम्ही रिटायर झालात हे सांगितलं का नाही?"

"त्यानं विचारलं कुठं?"

पुढचे चार-पाच दिवस रोज संध्याकाळी हाच कार्यक्रम. सेक्टर दोनमध्ये एका माणसानं तोंडाला फेस असताना, अर्ध्या दाढीनं दार उघडलं आणि "मैं अभी ड्यूटी पर ही जा रहा था" म्हणाला. सेक्टर सातला एक घर बंद होतं, तर शेजारची छत्तीसगढी म्हातारी "आवव, बइठव" करत आम्हाला आत घेऊन गेली आणि मालक येईपर्यंत तासभर बेसनाची ठेठरी खाऊ घालत राहिली. एकाची जन्मतारीख रेकॉर्डमध्ये चुकली होती, एकाला सुट्ट्यांचा हिशेब लागत नव्हता. बाबा पलंगावर मांडी घालून बसत, कोणत्या टेबलावर कोणता फॉर्म द्यायचा ते समजावून सांगत आणि उठताना म्हणत, "आता अक्षर सांगा."

अक्षरं जमत गेली. रे, मि, सा, दा, पि, चौ. मी ती जोडून वाचली आणि म्हटलं, ह्याला काही अर्थ नाही.

"मराठीतच असन असं थोडंच आहे," बाबा म्हणाले आणि समोरच्या तेलुगू शेजाऱ्यांना जाऊन विचारून आले. शेजारी म्हणाले तेलुगूत तरी नाही, पण तमिळमध्ये असू शकतं.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. बाबा पत्ते रजिस्टरातल्या क्रमानं घ्यायचे. नियम म्हणजे नियम. पण अकरावा झाला आणि ते तेराव्यावर गेले. बारावा होता ६-४-९.

"हा राहिला ना, बाबा."

"तिथं फर्स्ट शिफ्ट असते. झोपले असतीन."

"संध्याकाळी पाच वाजता?"

"उद्या पाहू," ते म्हणाले आणि रजिस्टर मिटलं. दुसऱ्या दिवशी तिथे पाणी येत नव्हतं म्हणे, म्हणून नको. तिसऱ्या दिवशी त्या रस्त्यावर कुत्री फार असतात असं निघालं.

त्याच रात्रीच्या जेवणाआधी मी भाजी निवडता निवडता रजिस्टराकडे पाहत बसले होते आणि एक साधी गोष्ट दिसली. जवळजवळ प्रत्येक गटात मधला आकडा शेवटच्या आकड्यापेक्षा मोठा होता. सतरा आणि तीन. एकोणीस आणि चार. एकोणतीस आणि सहा. मी मधल्यातून शेवटचा वजा करत गेले. चौदा, पंधरा, तेवीस. इंग्रजी मुळाक्षरांतलं चौदावं, पंधरावं, तेविसावं अक्षर. एन, ओ, डब्ल्यू. नाऊ!

मी भाजीसकट ताट बाजूला सारलं. पुढचं भराभर सुटत गेलं. गेट. बॅक. पहिल्या आकड्याला काही अर्थच नव्हता, तो नुसता डोळ्यांत धूळ फेकायला घातलेला. म्हणजे सेक्टरला काही अर्थ नाही! आख्ख्या भिलाईला मान्य होणार नाही असं हे उत्तर होतं. पुढे टी आला. त्याच्यापुढे बारावा गट, सहा-चार-नऊ. चारातून नऊ गेले, उरले उणे पाच. उणे पाचवं अक्षर कोणत्याच भाषेत नसतं. त्याच्यापुढे ओ आला आणि मग वर्क.

नाऊ गेट बॅक टू वर्क. चला, आता कामाला लागा. कोण्या दूरदेशीच्या माणसानं माझ्यासारख्या दीड वर्ष बेकार बसलेल्या मुलीला आणि तिच्या रिटायर झालेल्या बापाला आठवडाभर मोपेडवर फिरवून हे सांगितलं होतं. मला आधी भयंकर संताप आला आणि मग हसू फुटलं.

पण ते उणे पाच मला सोडेना. उत्तर पूर्ण होतं, आणि त्यात एक गट जास्तीचा होता. सकाळी कॅफे उघडताच जाऊन ते पान पुन्हा काढलं. पडद्यावर गट होते सोळा. बोट ठेवून दोनदा मोजले. बाबांच्या रजिस्टरात सतरा होते. पडद्यावर अकराव्यानंतर थेट ओ चा गट होता. सहा-चार-नऊ कुठेच नव्हता.

बाबा आणि आकडे उतरवताना चूक, हे शक्य नव्हतं. तीस-बत्तीस वर्षं त्यांच्या रजिस्टरात कधी शाई सांडली नव्हती. मी उत्तराची ई-मेल पाठवली (पहिल्या दहांत माझं नाव आलं नाही, हे इथेच सांगून टाकते) आणि मोपेड दामटत घरी आले. आई पोळ्या लाटत होती. बाबा व्हरांड्यात होते.

"आई, सेक्टर सहा, स्ट्रीट चार, क्वार्टर नऊ. कोण राहतं?"

आईचं लाटणं थांबलं. "तुले कोणं सांगितला हा नंबर?"

"बाबांच्या रजिस्टरात आहे. कोड्यात नाही. त्यांनी मधेच घुसवलाय."

तिनं खिडकीतून व्हरांड्याकडे पाहिलं. बाबांची पाठ दिसत होती, आणि बूट. "काका राहतात तुझे," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. मग एकदम चिडली. "अकरा साल! अन् जाचं होतं तं अमेरिकेवाल्याच्या कोड्यातून जाचं! सरळ पायी नाही जाऊ शकत हा माणूस?"

मलाही गहिवरून आलं, खोटं कशाला बोलू. सोळा अनोळखी दारं वाजवायची तयारी त्यांनी ठेवली होती, त्या एका दारासाठी. आणि तिथपर्यंत आल्यावर त्यांना कुत्र्यांची भीती वाटायला लागली होती.

मी व्हरांड्यात गेले.

"बाबा, बारावा पत्ता करावाच लागेल."

"सोडून दे ना तो. सोळा अक्षरावर होऊन जाईन."

"होत नाही. मी सगळं करून पाहिलं. त्याच्याशिवाय कोडं सुटतच नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सुटत नाही?"

"नाही."

"पक्कं?"

"गणितानं सिद्ध केलंय," मी म्हटलं. माझ्या एम.एस्सी.चा तोवरचा हा पहिलाच उपयोग.

बाबांनी वाकून बुटांच्या नाड्या घट्ट केल्या. "मंग तं जा लागन," ते म्हणाले.

संध्याकाळी निघताना आईनं त्यांच्या हातात डबा दिला. तोच जुना, स्टीलचा, तीन खणांचा. आत काय आहे ते त्यांनी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. मोपेडवर मागे बसून एका हातात रजिस्टर आणि एका हातात डबा घेऊन ते आले. आज पाचची वेळ साधण्यासाठी कुठे थांबायचं का, असं मी विचारलं तर म्हणाले, "नोको. चालू दे."

स्ट्रीट चारवर कुत्रा एकही नव्हता. क्वार्टर नऊ ए. बी चा प्रश्न आज उठला नाही, बाबा सरळ जाऊन ए पुढे उभे राहिले. दार वाजवण्याआधी त्यांनी डबा माझ्याकडे दिला, मनगटावरचं घड्याळ काढलं आणि खिशात टाकलं. मग डबा परत घेतला.

दार काकांनीच उघडलं. केस पार पिकले होते. बनियन, लुंगी, हातात पेपर. त्यांनी आधी मला पाहिलं, मग बाबांना, मग डब्याला. डब्यावर त्यांची नजर चांगलीच थबकली. आतून काकू आल्या आणि पडद्याला धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं आता बाबा आडनाव विचारतात की काय!

"लेट आला," काका म्हणाले. "अकरा साल लेट."

"हाव," बाबा म्हणाले. त्यांनी रजिस्टर पुढे केलं. "तू लिही. तुह्या हातानं लिही. लेट."

काकांनी रजिस्टर घेतलं, उघडलं, त्या सगळ्या आखीव रकान्यांवरून नजर फिरवली आणि मिटून परत दिलं.

"मी नाही लिहीत," ते म्हणाले. "मी काई टाइम ऑफिसात नोकरीले नाही. आत ये. डबा थंडा होईन."

आत भिंतीवर खरंच घड्याळ नव्हतं. डबा उघडला तर वरच्या खणात लोणचं होतं. काकूंचंच लोणचं, आईनं परत पाठवलेलं. काका ते खाऊन म्हणाले, वहिनीच्या हाताला चव आहे, आणि काकू नि मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर आणि ओढणी दाबून हसलो. बाहेर दोघं करपलेल्या भातावरून वाद घालत होते, तो नेमका कोणी करपवला होता. मधेच बाबा काकांना कोडं समजावून सांगू लागले, आणि काकांनी सगळी अक्षरं वाचून पाहिली आणि म्हणाले की हे बहुतेक तमिळ असावं.

भोंगा झाला, अंधार पडला, आम्ही निघालो. मोपेडवर बसण्याआधी बाबांनी रस्त्यावरच्या दिव्याखाली रजिस्टर उघडलं. इतर पत्त्यांपुढे अक्षर होतं आणि मिनिटापर्यंत वेळ होती. बाराव्या पत्त्यापुढे, अक्षराच्या रकान्यात, त्यांनी त्यांच्या त्या एकसारख्या वळणात लिहिलं: हजर. खिशातून घड्याळ काढलं, त्यात पाहिलं, पेन टेकवलं आणि उचललं. वेळेचा रकाना त्यांनी कोरा सोडला.